कानांचा दाखला

४ मार्च, जहाजावरून

ताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार. तुमच्या त्या आगाऊ मांजरीला लांबूनच. उद्या बंदराला लागतोय, डिझेल आणि पाणी भरून परवा पुन्हा निघणार, म्हणून पत्र आजच लिहून ठेवतो.

आधी कामाचं. परवाना कचेरीचा फॉर्म सोबत आहे. डोळ्यांचा रकाना बंदरातल्या डॉक्टरकडून भरून घेईन. कानांचा तू भर, नेहमीसारखा. त्यांच्याकडे कान तपासायचं यंत्र नाही आणि मला घरी यायला अजून चार महिने आहेत. सही-शिक्का कर आणि पुढच्या बंदराच्या पत्त्यावर लगेच टपालात टाक. दाखल्याशिवाय कप्तानाला जहाज हलवता येत नाही, हे तुला मी काय सांगणार.

आता खरी बातमी. देवमासे गप्प होत चाललेत. पूर्वी त्यांचं गाणं खालून सुरू व्हायचं, शेजारच्या खोलीत कुणीतरी जड कपाट ओढल्यासारखं, आणि मग चढत चढत पार बारीक व्हायचं. गेली तीन वर्षं वरचा भाग नाही. नुसतं कपाट. मला आधी वाटलं, पाण्यातला मायक्रोफोन बिघडला. नवा बसवला, तरी तेच. म्हणजे बदल त्यांच्यातच झालाय. त्यांना काहीतरी कळलंय, ताई, जे आपल्याला अजून कळलेलं नाही. सव्वीस वर्षं या जनावरांच्या मागे आहे, पण परवा हेडफोन कानाला लावून बसलो असताना मला पहिल्यांदाच भीती वाटली.

आमच्या संस्थेतल्या टेपा ऐकणाऱ्या बाई निवृत्त झाल्या आणि तीन वर्षांचं काम कपाटात धूळ खातंय. म्हणून या वर्षीच्या पहिल्या सहा टेपा तुझ्याकडे पाठवतोय. कोणत्या मिनिटाला कसा आवाज आहे ते कार्डावर लिहीत जा. आपल्या घरात माझ्याखालोखाल कान तुझेच.

तुझा,
छोट्या

१९ मार्च

चि. छोट्या,

छप्पन्न वर्षांच्या कप्तानाला छोट्या म्हणणारी मी एकटीच उरले, तेव्हा ऐकून घे.

फॉर्म भरून पाठवतेय. दोन्ही कानांपुढे 'उत्तम' लिहिलंय. हे म्हणाले, ‘अगं, निदान एकदा तरी त्याला त्या खोलीत बसव.’ मी म्हटलं, ज्याला समुद्राच्या पोटात कोण कुजबुजतंय ते ऐकू येतं, त्याचे कान मी काय तपासणार? चार वर्षांपूर्वी आमच्या दवाखान्यातलं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं म्हणून तसाच दाखला दिला, आणि मग ती सवयच पडली. तू येतोस दोन दिवस, ते जेवणात आणि झोपेत जातात.

तशी ती खोली बघण्यासारखी आहे हं. भिंतींना जाड गाद्या, मध्ये काच. काचेच्या पलीकडे माणूस, अलीकडे मी. मी सूर सोडायचा, त्याला ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. निम्मी माणसं काहीही ऐकू आलेलं नसताना बटण दाबतात. बहिरं ठरायची एवढी धास्ती असते. मग मी सूर न सोडताच त्यांच्याकडे बघत बसते आणि ते बिचारे बटण दाबत राहतात. पुढच्या वर्षी माझी नोकरी संपेल तेव्हा मला ही माणसं आठवतील.

टेपा रोज दुपारी एक याप्रमाणे ऐकल्या. छोट्या, तू म्हणतोस गप्प, पण इथे तर बाजार भरलाय. तुझं कपाट आहे, पण त्याच्यावर इतक्या बारीक किंकाळ्या आहेत की मांजर उठून दुसऱ्या खोलीत गेली. पहिल्याच टेपच्या एका बाजूला मी चौऱ्याहत्तर मोजल्या. आता मला यातलं काय कळतं? आमचा टेपरेकॉर्डर जुना आहे, तोच किंचाळत असेल. कार्डं सोबत आहेत. चुकलं असेल तर रागावू नकोस, तुला लहानपणी मी पोहायला शिकवलंय.

तुझी,
ताई

८ एप्रिल, बंदरातून

ताई,

दाखला मिळाला, लाख लाख आभार. कार्डंही मिळाली. तुझं बरोबर आहे, दोष तुमच्या टेपरेकॉर्डरचाच. त्याचं डोकं स्पिरिटने पुसून घे. चौऱ्याहत्तर किंकाळ्या असत्या तर मला एक तरी ऐकू आली असती.

आता बस खाली आणि वाच. संस्थेने पत्र पाठवलंय. मोसम संपला की माझा सत्कार, आणि त्याच सभेत माझा निबंध वाचायचा. देवमाशांनी गाण्याचा वरचा अर्धा भाग सोडला, हे जगात पहिल्यांदा मी सांगणार. तुला माझी सुरुवात माहीत आहे. विशीत मी देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावर, भाला सोडणाऱ्या तोफेच्या शेजारी उभा असायचो. चार वर्षं. एके दिवशी तोफ उडाल्यावर खालच्या कोठारात गेलो आणि लोखंडी भिंतीतून त्या जनावराचं रडणं ऐकलं. दुसऱ्या दिवशी राजीनाम्याची चिठ्ठी देऊन उतरलो. त्यानंतर जे काही केलं ते त्या आवाजाचं देणं फेडायला. सहाशे बारा देवमासे मी शेपटीवरून ओळखतो. बायको केली नाही, घर बांधलं नाही. हा निबंध म्हणजे माझं सगळं, असं समज.

इकडे धुक्याचे दिवस सुरू झाले. आम्ही मासेमारीच्या उथळ पट्ट्यात आहोत, आणि ऐकायला यासारखी वेळ नाही. वारा नसतो, लाटा नसतात. माझा नियम तुला माहीत आहेच. धुकं उतरलं की इंजिन बंद, पंप बंद, रडारसुद्धा बंद, कारण त्याची मोटर गुणगुणते. सगळ्यांनी खाली जाऊन बसायचं, डेकवर पाऊल वाजता कामा नये. खाली टेप फिरत असते, वर मी एकटा, उघड्यावर, होड्या-जहाजांसाठी कान देऊन. आमचा चीफ ऑफिसर (आम्ही नुसतं चीफ म्हणतो) हल्ली कुरकुर करतो. म्हणे, या पट्ट्यात लाकडी होड्या असतात, अजून एक माणूस वर उभा करू. मी म्हटलं, दोन माणसं ऐकायला लागली की दोघंही एकमेकांवर ढकलतात. मोठ्या जहाजाचा भोंगा मी दहा मैलांवरून सांगतो, कोणत्या बाजूचा ते. सव्वीस वर्षांत ओरखडा नाही.

बाकी ठीक. आचाऱ्याने नवी किटली आणली आहे, तिची शिट्टी मुकी. पाणी उकळून सांडतं तरी आवाज नाही. मी त्याला परत करायला सांगितली, तर तो मलाच वेड लागल्यासारखा माझ्याकडे बघत राहिला.

तुझा,
छोट्या

२२ एप्रिल

चि. छोट्या,

टेपरेकॉर्डरचं डोकं पुसलं. शेजारच्यांचा नवा टेपरेकॉर्डर आणून त्यावरही ऐकलं. किंकाळ्या तिथेच आहेत.

या पत्रासोबत एक टेप पाठवतेय. त्यात देवमासे नाहीत, आमच्या यंत्रातले सूर आहेत. हेडफोन लावून ऐक आणि किती सूर आहेत तेवढं लिही. एकटा ऐक, मग दुसऱ्या कुणाला तरी ऐकव, आणि त्याचाही आकडा लिही. का म्हणून विचारू नकोस. मोठी बहीण सांगते म्हणून कर.

आणि एक. त्या किटलीबद्दल आचाऱ्याला पुन्हा विचार. मुकी आहे का ते त्याला सांगू दे.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. ह्यांना वाचायला दिलं नाही. तोफेचं तू इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच नीट सांगितलंस. चार वर्षं तिच्या शेजारी उभा होतास, कानात कापूस तरी घालायचास का रे?

धुक्यात चीफला वर येऊ दे. माझ्यासाठी.

तुझी,
ताई

१० मे, जहाजावरून

ताई,

तुझी टेप खराब आहे. चार सूर आहेत, पुढे कोरी.

हे वाक्य मी कालच लिहून ठेवलं होतं. आज आचाऱ्याला हेडफोन दिला. तो म्हणाला, दहा. मी त्याला पुन्हा ऐकायला लावलं. दहा. मग तो जरा घाबरून म्हणाला, ‘साहेब, किटलीपण शिट्टी मारते.’

तुला उत्तर मिळालं.

मी दिवसभर खोलीत बसून होतो. तीन वर्षांच्या वह्या काढल्या. 'वरचे सूर नाहीत. वरचे सूर नाहीत.' पानापानावर माझंच अक्षर. ते गातच होते ताई, आणि मी त्यांच्या डोक्यावर बसून जगाला सांगायला निघालो होतो की ते गप्प झाले. मला लाज कशाची जास्त वाटते तेच कळत नाही.

आणखी एक सांगतो, कारण तुझ्यापासून आजवर लपवलं नाही. गेल्या महिन्यात धुक्यातून एक लाकडी होडी आमच्या इतक्या जवळून गेली की चीफ खालून ओरडत वर आला. म्हणाला, ‘साहेब, केव्हापासून शिट्टी वाजवतायत ते!’ मी म्हटलं, मला ऐकू आली, म्हणूनच थांबलो होतो. मला काही ऐकू आलं नव्हतं. मोठ्या जहाजांचे भोंगे जाड असतात, ते येतात. होडीवाल्यांच्या शिट्ट्या बारीक.

आता माझी विनंती. कुणाला कळवू नकोस. मोसम जूनअखेर संपतो, सत्कार झाला की मी स्वतःच परवाना परत करीन. मला अर्ध्या मोसमात, बहिरा म्हणून, नऊ माणसांसमोर जहाजावरून उतरायला लावू नकोस. चीफचे कान तरुण आहेत. यापुढे धुक्यात त्याचे कान वापरीन, शब्द देतो. त्याला सर्दीने माझ्या कानाला दडे बसलेत असं सांगितलंय.

आणि ताई, हेही लिहायला नको, पण लिहितो. फॉर्मवर सही तुझी आहे.

तुझा,
छोट्या

२० मे

छोट्या,

तुझ्या पत्रातली शेवटची ओळ मी इतक्या वेळा वाचली की ती मला झोपेतसुद्धा दिसते. तू धमकी दिलीस असं मी मानत नाही. तू घाबरलायस. मीही.

आमच्या खोलीत रोज अशी माणसं येतात. आम्ही कागदावर उजव्या कानाला लाल गोल काढतो, डाव्याला निळी फुली, आणि रेघ जोडतो. तुझ्यासारख्याची रेघ अर्ध्यापर्यंत सरळ चालते आणि मग धाडकन खाली जाते. आम्ही तिला घसरगुंडी म्हणतो. तोफेजवळ, यंत्राजवळ उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसांची घसरगुंडी. अशी माणसं समोरासमोर छान बोलतात, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. पहिल्या वर्षी तुला त्या खोलीत वीस मिनिटं बसवलं असतं तर मला दिसलं असतं. मी बसवलं नाही.

परवाना कचेरीला पत्र लिहिलंय. ते टेबलावर आहे. पाकीट, तिकीट, सगळं. ह्यांना माहीत आहे. हे म्हणतात, आजच टाक, तिथे माणसं आहेत. मी टाकलेलं नाही. खरं सांगायचं तर मला तुझ्या अब्रूची जेवढी काळजी आहे तेवढीच माझ्या सहीचीही आहे. आठ महिने राहिलेत माझे. एकोणतिसाव्या वर्षी या दवाखान्यात आले, आजवर कुणी बोट दाखवलं नाही. हे लिहिताना माझी मलाच किळस येते.

म्हणून ऐक. चीफला खरं सांग. सर्दी नाही, दडे नाहीत, खरं. धुक्यात तो वर उभा राहील, तू नाही. असं झालं असं मला कळव, म्हणजे मी ते पाकीट जूनअखेरपर्यंत ड्रॉवरमध्ये ठेवते. पंधरा दिवसांत तुझं पत्र आलं नाही तर टपालात टाकते.

तुझी,
ताई

२५ जून, बंदरातून

ती. ताईंना,

तुम्ही मला ओळखत नाही. मी कप्तानसाहेबांच्या जहाजावरचा चीफ ऑफिसर. साहेब तुम्हाला लिहितीलच, पण ते सध्या कुणाशी बोलत नाहीत. बातमी तुम्ही वर्तमानपत्रात वाचली असेल. तरी घडलं ते सांगणं माझं काम आहे.

मे महिन्यात साहेबांनी मला बोलावून सांगितलं, सर्दीने कानाला दडे बसलेत, धुक्यात तुझ्या कानांची गरज आहे. मला हायसं वाटलं. मला वाटलं, ते मला वर उभं करणार. त्यांनी मला खाली हेडफोनवर बसवलं. म्हणाले, ‘वरचे सूर तू ऐक आणि मला सांग. एवढ्या वर्षांचं काम आहे, ते पुरं करायचंय.’ स्वतः मात्र पूर्वीसारखे वर. मी म्हटलं, साहेब, उलट करू या. ते म्हणाले, ‘मला हुकूम शिकवू नकोस.’ एवढ्या मोठ्या माणसाशी मी वाद घातला नाही. मी त्यांच्याच हाताखाली तयार झालोय.

सतरा जूनला सकाळी दाट धुकं होतं. इंजिन, रडार बंद, सगळे खाली. थोड्या वेळाने मला पाण्यातून ठोके ऐकू आले. तीन ठोके, थांबणं, तीन ठोके. खोल समुद्रात दातवाले मोठे देवमासे असे ठोके मारतात, आम्ही त्यांना सुतार म्हणतो. मी ते फक्त जुन्या टेपांवर ऐकलेत. मी डेकवर बोलायच्या नळीतून वर सांगितलं. साहेबांचा आवाज बदलला. ‘उथळ पाण्यात सुतार? नक्की?’ मी म्हटलं, नक्की. वहीत तसं लिहिलंसुद्धा. मग त्यांनी इंजिन सुरू करायला सांगितलं. पाच मिनिटं हळू चालायचं, थांबायचं, ऐकायचं. दोनदा असं केलं. ठोके वाढत होते. मी सांगत होतो, जवळ येतंय साहेब, बरोबर चाललोय. तिसऱ्यांदा चालायला लागलो आणि धक्का बसला.

लाकडी होडी होती. नांगर टाकून उभी. त्यांची जाळी तळाला अडकली होती, हलता येत नव्हतं. दोघे भाऊ. धाकटा सापडला. थोरला नाही सापडला.

पुढच्या महिन्यात चौकशीत माझी साक्ष आहे. मी काय ऐकलं ते मला अजून कळलेलं नाही. त्या दिवशीची टेप माझ्याकडे आहे, पण ती पुन्हा ऐकायची माझी छाती होत नाही. साहेब म्हणायचे, कान ओळखावेत तर तुमच्याकडून. पार्सल करून पाठवतोय. काय आहे ते तुम्ही ऐका. मला वाईट असलं तरी कळवा.

आपला नम्र,
चीफ ऑफिसर

२ जुलै, बंदरातून

ताई,

मी तुला पत्र लिहिलं नाही आणि तू ते पाकीट टपालात टाकलं नाहीस. टाकलं असतंस तर मला उतरवलं असतं, म्हणून कळलं. तुझे उपकार मानू की काय करू, मला समजत नाही.

मी चीफला वर उभं केलं नाही. कारण सांगतो. मला वाटलं, दहा वर्षांनी कोण विचारणार आहे की धुक्यात कोण उभं होतं? पण ते वरचे सूर वहीत यायला हवेत, तीन वर्षांची माझी चूक माझ्याच हाताने दुरुस्त व्हायला हवी, आणि ते काम फक्त हेडफोनवरच्या तरुण कानांना जमेल. मला होड्यांची भीती नव्हती असं नाही. मला ती दुसऱ्या नंबरची वाटली.

चौकशी सुरू आहे. माझा जबाब झाला. त्या धाकट्या भावाचं म्हणणं आहे की ते शिट्टी वाजवत होते, शिट्टी भिजल्यावर लोखंडी गजाने होडीच्या कडेच्या लोखंडी पट्टीवर ठोकत होते. ताई, देवाशपथ सांगतो, त्यांनी काहीही आवाज केला नाही. मी तिथे उभा होतो. धुक्यात सगळं इतकं शांत होतं की मला माझा श्वास ऐकू येत होता. मी जबाबात तसंच सांगितलंय. होडीने इशारा दिला नाही म्हटल्यावर चूक त्यांची ठरते. तो माणूस गेलाच आहे, त्याचं आता काय बिघडणार? चीफसुद्धा देवमाशाबद्दलच सांगणार. त्याने वहीत तसं लिहिलंय.

तुला बोलावतील. दाखल्याबद्दल विचारतील. तपासून दिला, एवढं एकच वाक्य बोल. तुझी नोकरी वाचेल, माझं नाव वाचेल. चौकशी संपली की मी पुन्हा जहाजावर चढणार नाही. सहाशे बारा देवमाशांच्या नावाने सांगतो.

तुझा,
छोट्या

११ जुलै, तुझ्याच बंदरातून

छोट्या,

काल इथे आले. चौकशीच्या कचेरीच्या खिडकीतून तुझं जहाज दिसत होतं. तू डेकवर उभा होतास. मी भेटायला आले नाही, आणि आज परत जातेय.

चीफने टेप पाठवली होती. मी ती घरी दुपारी ऐकली, तुझ्या बाकीच्या टेपा ऐकल्या तशी, कार्ड आणि पेन्सिल घेऊन. सतराव्या मिनिटाला ठोके सुरू होतात. देवमाशाचे ठोके कसे असतात मला माहीत नाही. पण माणूस दमतो हे मला माहीत आहे, आणि हा दमत होता. तीन ठोके, थांबणं, तीन ठोके. पुढे थांबणं लांबत जातं. एका जागी इतका वेळ काही नाही की मला वाटलं, सोडून दिलं. मग तुमचं इंजिन सुरू होतं. इंजिन ऐकल्यावर त्याला वाटलं असणार, कुणीतरी आलं, आता ऐकतील. तो न थांबता वाजवायला लागतो. मी रेघा मारत होते. पहिल्या वेळी एकोणचाळीस, दुसऱ्या वेळी त्रेपन्न. तिसऱ्या वेळी मला मोजता आलं नाही, इतक्या घाईने तो मारत होता.

ती टेप मी चौकशीत दिली. चीफला आधी सांगितलं. तो रडला आणि म्हणाला, मीही खरं सांगेन.

मग मला दाखल्याबद्दल विचारलं. सांगितलं की या वर्षीचा आणि आधीचे चार, पाचही दाखले न तपासता दिले. सही माझी. त्यांनी विचारलं, कप्तान खोटं बोलतात का? मी म्हटलं, नाही. तो म्हणतो होडीने आवाज केला नाही, ते त्याच्यापुरतं अगदी खरं आहे. त्याला ऐकू आलं नाही. त्याला येणार नाही हे मला एप्रिलपासून माहीत होतं. कचेरीला लिहिलेलं पत्र मी महिनाभर ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं, तेही त्यांच्यासमोर ठेवलं. पाकिटावर तिकीट लावलेलं होतं. त्यांच्यातल्या एकाने ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि फाइलमध्ये ठेवलं.

तू लिहिलंस, तो माणूस गेलाच आहे, त्याचं काय बिघडणार. तुला हे लिहायला भीती कशी वाटली नाही? ज्याने एका जनावराचं रडणं ऐकून नोकरी सोडली, तो माझा भाऊ होता. तू माझा आहेस, तुझं पुढे जे होईल त्यात मी तुझ्यासोबत आहे, जेवण घेऊन येईन, कोर्टात मागच्या बाकावर बसेन. पण ते एक वाक्य मी तुझ्यासाठी बोलणार नव्हते.

शेवटी त्यांनी टेप लावली. तो धाकटा भाऊ भिंतीकडेला बसला होता, हाताला बँडेज. गेले तीन आठवडे त्याला सगळे विचारत होते, तुम्ही नक्की वाजवत होता का, की आता आठवतंय तुम्हाला? पहिले तीन ठोके आले आणि तो उभा राहिला. कुणी त्याला काही विचारलं नव्हतं. म्हणाला, ‘हा दादा. माझे हात गारठले होते, मला जमेना, म्हणून गज दादाने घेतला.’

मग तो खाली बसला आणि त्याने पुढचं सगळं ऐकलं. टेपमध्ये तुमचं इंजिन सुरू झालं तेव्हा मी उठून बाहेर गेले.

तुझी,
ताई